बाजूला काढलेली अकरा कातडी

"काय म्हणतंय ते?"

मी दचकले नाही. बरं, खोटं कशाला बोलू, दचकले. पण दाखवलं नाही. कातडी कमावण्याच्या कारखान्याच्या गोदामात, मधोमध, एका कातड्याची घडी कानाशी धरून आणि डोळे मिटून मी उभी होते. चांगलं कमावलेलं चामडं दुमडलं की बारीक करकरतं आणि भुसभुशीत असलं की गप्प बसतं, हे मला बाबांनी शिकवलंय. ऐकताना डोळे मिटावे लागतात. बघणाऱ्याला ते कसं दिसतं याचा विचार आमच्या घरात आजवर कोणी केलेला नाही.

"म्हणतंय, मध्ये बोलू नका," मी डोळे न उघडता म्हटलं.

कोणीतरी हसलं. मग मी डोळे उघडले. समोर एक जण होता – बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, खांद्यावर गोणपाट, आणि बोटं पार नखांपर्यंत तपकिरी. उंच होता. हसताना त्याची मान जराशी एका बाजूला कलायची. हे मी लगेच पाहिलं नाही, पुष्कळ नंतर पाहिलं... असं मी आत्याला सांगितलेलं आहे.

मला तो तिथला हमाल वाटला. "उभेच आहात तर ते टोक धरा," मी म्हटलं. त्याने निमूट धरलं. दोघांनी मिळून कातडं दारातल्या उजेडाकडे नेलं आणि मी त्याची कड निरखली.

"कोणी कमावलंय हे? फार घाई केलीय."

"का, काय झालं?"

"ही कड बघा. वरून तपकिरी, खालून तपकिरी आणि मधोमध फिकट रेघ. कमावायचं बाभळीच्या सालीचं पाणी आतपर्यंत पोचलेलंच नाही. आणखी दोन आठवडे हौदात ठेवलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं? याची पिशवी केली तर एकदा भिजली की पुठ्ठा होऊन बसेल."

त्याने कड डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ पाहिली. त्याचे कान हळूहळू लाल होत गेले.

"मी कमावलंय," तो म्हणाला.

एखाद्या शहाण्या मुलीने इथे माफी मागितली असती. मी म्हटलं, "मग तुम्हालाच सांगायला हवं होतं. बरं झालं, भेटलात."

तर अशी आमची ओळख झाली. तो कारखान्याच्या मालकाचा पुतण्या. दोन वर्षं कुठेकुठे जाऊन काम शिकून नुकताच परतला होता आणि सगळे हौद आता त्याच्याच हाताखाली होते. मी शिकारी पिशव्या करणाऱ्याची मुलगी. पणजोबांपासून आमच्याकडे हेच चालत आलंय: खांद्यावरून तिरकी घ्यायची पिशवी, वर रुंद झाकण, पुढे दोऱ्याची जाळी आणि आत टिपलेले पक्षी ठेवायला मेणकापडाचा कप्पा. हल्ली बंदूक घेऊन जाणारे थोडे आणि दुर्बीण घेऊन जाणारे जास्त, पण पिशवी तीच लागते. आमची पिशवी बापाकडून मुलाकडे जाते. पट्टा बदलायला म्हणून ती तीस वर्षांनी दुकानात परत येते, तेव्हा बाबा तिचं झाकण उलटून आतला ठसा बघतात आणि जुना मित्र भेटल्यासारखे खुश होतात.

त्या ठशाबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात पिशवी कोणीही शिवू दे, ठसा शिवणाऱ्याचा नसतो. ज्याने चामडं निवडलं त्याचा ठसा. टाका चुकला तर उसवून पुन्हा घालता येतो, पण चामडं चुकलं की पिशवी जन्माची चुकली. म्हणून निवडणारा एकटा जातो. थप्पी जशी येईल तशी स्वतःच्या हाताने उलटतो आणि तीसुद्धा लख्ख उन्हातच, कारण ढगाळ उजेडात डाग लपून बसतात. आणि मग झाकणाच्या आत आपला ठसा तापवून उमटवतो. उद्या काही कमीजास्त झालं तर बोट कोणाकडे करायचं, ते सगळ्यांना ठाऊक असतं.

गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर बाबांच्या बोटांची जाणीव गेली. सुई टोचली तरी कळत नाही. त्यांनी कोणाला सांगितलं नाही आणि दोन पिशव्या परत आल्या, झाकणं लोंबायला लागलेल्या. दोन्हींवर बाबांचा ठसा होता. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आठवड्याभराने शिकारी मंडळाकडून बारा पिशव्यांचं काम आलं, तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं.

"ह्या वेळी तू निवड," ते म्हणाले. "जमलं तर इथून पुढे ठसा तुझा. नाही जमलं तर कारखान्यातून आयते कापलेले तुकडे आणू आणि शिवू. पोट भरेल. पण मग ठसा नाही. ठसा माझ्याबरोबर बंद."

पितळेचा ठसा आत्याने आधीच घडवून आणला होता. आत्या बाबांची थोरली बहीण, चाळीस वर्षं आमच्या पिशव्या शिवते आहे. ठशावर पक्ष्याच्या पावलाच्या तीन रेघा. "नाहीच जमलं तर त्याने पापडांवर नक्षी काढू," ती म्हणाली. आत्याला धीर द्यायची हीच एक पद्धत येते.

आणि मी कारखान्यात पोचले त्याच दिवशी आभाळ भरून आलं.

तीन दिवस पाऊस होता. रोज सकाळी मी जायचे, आभाळाकडे बघायचे आणि गोदामाच्या ओट्यावर पाय सोडून बसायचे. घरी थांबता आलं असतं. पण मध्येच ऊन पडलं आणि मी तिथे नसले तर? असं मी घरी सांगायचे. पत्र्यावर पाऊस वाजत असायचा, हौदांतून ओल्या सालीचा वास यायचा, आणि तो दोन कप चहा घेऊन यायचा.

"आज काही तुमचं ऊन येत नाही," तो म्हणायचा.

"तुम्हाला बरं वाटतंय त्याचं."

"मला काय... मी चहा करतोय. कारखान्यात पाहुणा आला की करावा लागतो."

"पाहुणे तीन दिवस लागोपाठ येतात का?"

"आले तर आम्ही नाही म्हणत नाही," तो म्हणाला आणि कपात बघत हसला. मान कललीच. मी पावसाकडे बघत बसले. पण पाऊस काय दिसला ते मला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी मी त्याला बाबांच्या बोटांबद्दल सांगितलं. परक्या माणसाला का सांगितलं, कोण जाणे. ठशाबद्दल सांगितलं, लोंबलेल्या झाकणांबद्दल सांगितलं. "मला भीती वाटते," असंही म्हणाले, जे मी आत्यालासुद्धा म्हटलं नव्हतं. त्याच्या हातातला चहा गार झाला. शेवटी तो एवढंच म्हणाला, "चुकणार नाही तुम्ही."

"तुम्हाला काय माहीत?"

"माहीत आहे," तो म्हणाला. तेव्हा मला ते फार गोड वाटलं होतं.

चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. अंगणात फळ्यांवर थप्पी मांडलेली होती, सव्वीस कातडी. मी एकेक उलटलं. पाठीचा भाग बोटांनी चाचपला, पोटाकडचा ताणून पाहिला, दुमडून ऐकलं, थुंकीने अंगठा ओला करून डाग पडतो का पाहिलं. तो लांब, भिंतीला टेकून उभा होता आणि काही म्हणजे काही बोलत नव्हता. दुपारपर्यंत मी सहा कातडी निवडली. एका कातड्यात दोन पिशव्या. घरी गेले ती जमिनीवरून चालत नव्हते. एवढी मोठी थप्पी आणि मला एकही वाईट कातडं फसवू शकलं नव्हतं. खरं म्हणजे वाईट असं दिसलंच नव्हतं, पण ते मी माझ्या नजरेचं कौतुक समजले. माणूस स्वतःवर खुश असला की असंच होतं.

पुढचे तीन आठवडे आम्ही कापत होतो आणि शिवत होतो. आणि तो काही ना काही निमित्ताने येत होता. एकदा दोऱ्याला लावायचं मेण घेऊन आला. एकदा "जवळूनच चाललो होतो" म्हणाला. आमची गल्ली पुढे बंद होते, तिथून जवळून कुठेच जाता येत नाही.

"तुझा तपकिरी आलाय," आत्या आतूनच हाक मारायची. नाव तिने ठेवलं, बोटांवरून.

"माझा कसला?"

"मग माझा? मी नाही म्हणत नाही. पण माझ्या वयाचं त्याला झेपेल का, ते विचार."

तो माझ्या समोरच्या स्टुलावर बसायचा. मी आरीने भोकं पाडायचे, तो बघायचा. एकदा म्हणाला, "मी हौदातून कातडं काढतो, तेव्हा ते पुढे कुठे जातं ते कधी बघितलंच नव्हतं. हे असं होतं होय त्याचं..." आणि शिवून झालेलं झाकण त्याने तळव्यावर असं धरलं की मला माझी सुई सापडेना. सुई माझ्या हातातच होती.

"तुम्ही दर वेळी अशा रागावल्यासारख्या का शिवता?" त्याने विचारलं.

"मी मन लावून शिवते. चेहरा रागीट आहे, त्याला काय करू?"

"काही करू नका. छान आहे."

मी वर पाहिलं. तो बघतच होता. आत्या खोकली, आणि तिला खोकला अजिबात झालेला नव्हता.

ठसा उमटवायचा दिवस आला. दुपारी चार वाजता शिकारी मंडळाचे अध्यक्ष पिशव्या न्यायला येणार होते. सकाळी नऊला बाराच्या बारा पिशव्या झाकणं उघडून ओळीने मांडल्या होत्या. बाबा खुर्ची ओढून बसले होते, ठसा शेगडीवर तापत होता. तोही आला होता, इस्त्रीचा सदरा घालून. मी त्याला या म्हटलं नव्हतं. येईल हे माहीत होतं.

आत्याने पिशव्यांवरून हात फिरवला. "चाळीस वर्षांत असा माल पाहिला नाही. बारा पिशव्या आणि एकीतही खोट नाही."

"खोट येईलच कशी?" तो म्हणाला. छाती जरा पुढे आली होती त्याची. "खोट असलेली अकरा मी आधीच बाजूला काढून ठेवली होती. यांच्यापर्यंत एकही वाईट कातडं येऊ दिलं नाही."

शेगडीकडे नेलेला हात मी मागे घेतला.

"कुठली अकरा?" मी विचारलं.

त्याला अजून कळलं नव्हतं. तो हसतच होता. "थप्पी सदतीसची होती ना. तुम्ही म्हणालात, भीती वाटते... म्हणून मग मी रात्रीतून..."

"तुला कोणी सांगितलं होतं?"

तीन आठवडे मी त्याला अहो-जाहो करत होते. पहिल्यांदा 'तू' म्हणाले ते असं. त्यालाही ते जाणवलं. चेहऱ्यावरचं हसू उतरलं.

"मला वाटलं, मदत होईल," तो म्हणाला. "तुम्ही चुकू नये असं वाटत होतं. एवढंच."

"मग मी बरोबर निवडलं, हे कसं ठरवायचं? सव्वीसच्या सव्वीस चांगली होती. डोळे बांधून उचलली असती तरी चांगलीच निघाली असती. मी घरी येऊन बाबांना काय सांगितलं माहितेय? मी म्हटलं, मला एकही फसवू शकलं नाही. फसवायला होतंच कोण तिथे?" माझा आवाज फाटला, त्याचा आणखी राग आला. "ही माझी निवड नाही. ही तुझी आहे. तूच मार ठसा."

आत्या हळूच म्हणाली, "अगं, पिशव्या तर छान झाल्यात. मारून टाक. कोणाला कळणार आहे?"

"तिला कळेल," बाबा म्हणाले.

एवढंच म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्यावर चिडलेले नव्हते, त्याच्यावरही नव्हते. वाट बघत होते. मी काय करते त्याची. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यातला सगळा धुरळा बसला. मी ठसा शेगडीवरून उतरवून बाजूला ठेवला.

"ती अकरा कुठे आहेत?" मी त्याला विचारलं.

"मागच्या खोलीत. तशीच आहेत."

"आणि नवीन माल?"

"काल वीस वाळून आलीत. मी तपासलीत. तुम्ही... तू नाही पाहिलीस अजून."

"तपासलीस, म्हणजे तुझ्या मते सगळी चांगली?"

"विसाच्या वीस."

"मग ती वीस आणि ही अकरा एकत्र कर. बाबा मिसळतील, तू हात लावायचा नाहीस. मी तुझी अकरा ओळखून काढते. ओळखली तर ती तेव्हाही माझ्या हातून सुटली नसती, आणि ठसा मारते. नाही ओळखली तर अध्यक्षांना बिनठशाच्या पिशव्या देते आणि का, तेही मीच सांगते."

बाबा उठले आणि चपला शोधू लागले. आत्या म्हणाली, "चारला येतायत ते." मी म्हटलं, "ऊन आहे तोवर जाऊ."

त्याच्या टेम्पोत पुढे आम्ही तिघं, मी मध्ये. आयुष्यात इतकं अवघडून मी कधी बसले नाही. गिअर टाकताना त्याचा हात माझ्या गुडघ्यापाशी यायचा आणि प्रत्येक वेळी तो "सॉरी" म्हणायचा. पाचव्यांदा बाबा म्हणाले, "तू एकाच गिअरमध्ये चालव." मला हसू आलं, ते मी खिडकीकडे तोंड करून गिळलं. राग होताच. पण रागातही तो शेजारी बसलेला कळत होता, हे त्याहून वाईट.

अंगणात बाबांनी एकतीस कातडी मिसळली. त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मी बाह्या सारल्या.

त्या दिवशीसारखं हे नव्हतं. आता खरी वाईट कातडी हाताखालून जात होती. एक दिसायला इतकं देखणं की मी ते चांगल्यांत टाकणारच होते, पण दुमडलं तर गप्प. बाजूला. एकावर गोचिडांच्या डागांची रांगोळी, नेमकी जिथे झाकण निघतं तिथे. बाजूला. एकाची पाठ जाड आणि कुशीत कागद. एकाच्या कडेत ती फिकट रेघ. पहिली तीन-चार कातडी मी दोन-दोनदा उलटली. मग हातांना आठवलं की हे त्यांना येतं. एक वाजेपर्यंत माझ्यासमोर दोन थप्प्या होत्या. वाईट मी मोठ्याने मोजली. अकरा.

"बघ," मी म्हटलं.

तो वळला. आपण कमावलेलं कातडं तो पाठमोरा उभा असला तरी वासाने ओळखेल असा माणूस आहे. अकरा हा आकडा ऐकूनच त्याचा चेहरा खुलला होता. एकेक उलटत गेला – एक, दोन, पाच, आठ, दहा. मग थांबला.

"हे माझ्या अकरातलं नाही," तो म्हणाला. "हे कालच्या विसातलं आहे. हे चांगलं आहे. आणि माझं अकरावं..." तो माझ्या चांगल्या थप्पीकडे गेला आणि त्यातून एक कातडं ओढून काढलं. पाठीवर वीतभर लांब पांढरा ओरखडा होता, काटेरी तारेचा. "हे तू चांगल्यांत टाकलंस. दोन चुका."

 पण मी दोन्ही कातडी ऐकली होती, बघितली होती. मी खाली बघितलं नाही.

"आधी हे ओरखड्याचं," मी म्हटलं. "जखम जनावर जिवंत असताना भरलेली आहे. दाब इथे. बाकीच्यापेक्षा घट्ट लागतं. शोभेच्या पेटीला नको, कबूल. पण आमच्या पिशवीला रानात जायचंय, लग्नाला नाही. याची पिशवी तुझ्या नातवापर्यंत टिकेल."

त्याने दाबलं. वाकवलं. मग परत माझ्या थप्पीवर ठेवलं.

"आणि ते विसातलं, खांद्याजवळ दुमड. पाठीवर नको, तिथे ते चांगलंच आहे. खांद्याजवळ."

त्याने दुमडलं. वरचा थर आतल्या थरापासून सुटून जाड जाड वळ्या पडल्या, भिजून वाळलेल्या कागदासारख्या. त्याने पुन्हा दुमडलं, दुसऱ्या खांद्याशी. पुन्हा तेच. बाबा पुढे झाले. त्यांनी ते कातडं त्याच्या हातातून घेतलं आणि बोटांनी नाही, गालाने चाचपलं. डोळे मिटून, सावकाश, अख्खा खांदा. मग ओरखड्याचं घेतलं आणि तेही गालाला लावलं.

"दोन्ही तिचं बरोबर," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "मला बोटं असती तरी हे खांद्याचं माझ्या हातून सुटलं असतं. सांगून ठेवतो." आणि नाक ओढत ते हौद बघायला म्हणून निघून गेले. हौदांत बघण्यासारखं काही नव्हतं.

आम्ही दोघंच उरलो. तो ते सैल कातडं हातात धरून उभा होता.

"माझं काम आहे हे," तो म्हणाला. "आणि मला दिसलं नाही. तुला दिसलं." मग वर बघून म्हणाला, "मी चुकलो. कातड्यात नाही... म्हणजे कातड्यातही. पण त्या रात्री जास्त. मला वाटलं, तुला पडू द्यायचं नाही. तू पडणारी नव्हतीसच, हे बघायचं राहून गेलं."

"पडणारी असते तरी," मी म्हटलं, "पडायचा हक्क माझा होता."

"हो."

"परत असं करशील?"

"नाही." थोडं थांबून म्हणाला, "कठीण जाईल. पण नाही."

हे 'कठीण जाईल' त्याने म्हटलं नसतं तर मी कदाचित विश्वास ठेवला नसता.

तीन वाजता आम्ही परत आलो. आत्याने आमच्याकडे बघितलं, काही न विचारता शेगडी पेटवली. मी एकेक झाकण उलटलं, ठसा टेकवला, मनात पाच मोजले आणि उचलला. धुराचा बारीक वास, आणि चामड्यात पक्ष्याच्या पावलाच्या तीन काळ्या रेघा. बारा वेळा. हात एकदाही हलला नाही. तो दाराशी उभा होता. झाकण धरायलाही पुढे आला नाही, आणि त्याला यायचं होतं हे मला दिसत होतं.

चारला अध्यक्ष आले. सत्तरीचे, ताठ, स्वतःची जुनी पिशवी खांद्यावर. त्यांनी प्रत्येक पिशवी उचलली, पट्टा ओढून पाहिला, झाकण उलटलं. ठशावर अंगठा फिरवून बाबांना म्हणाले, "हा तुमचा नाही."

"नाही," बाबा म्हणाले आणि खुर्चीतून उठून उभे राहिले. "माझ्या मुलीचा आहे. आमच्या घरातली निवड आता ती करते. काही कमीजास्त वाटलं तर तिला विचारायचं, मला नाही."

अध्यक्षांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "काही कमीजास्त आहे का?" त्यांनी मलाच विचारलं.

"नाही," मी म्हटलं. माझ्या आयुष्यात एवढा छोटा शब्द मी एवढ्या थाटात कधी उच्चारला नव्हता.

पिशव्या गेल्या. बाबा आणि आत्या आत गेले. तो दारातच, इस्त्री मोडलेल्या सदऱ्यात.

"निघतो मी," तो म्हणाला. पण निघाला नाही.

"थांब," मी म्हटलं. "मला एक सांगायचंय. सकाळी सांगणार होते, ठसा मारून झाल्यावर. मग तू ते अकराचं काढलंस, म्हणून राहिलं."

"आता सांगायचंय का... अजून?"

"हो. मला तू आवडतोस." मान मी वर ठेवली होती. "आणि सकाळी सांगितलं असतं तर ते अर्धवट झालं असतं. सकाळपर्यंत मी तुझं फक्त चांगलंच पाहिलं होतं. आता वाईटही पाहिलंय, भर उन्हात. तरी आवडतोस. हे माझं मी ठरवलंय. यात कोणी काही बाजूला काढून ठेवलेलं नाही."

 त्याचे कान लाल झाले. मग तो म्हणाला, "मी तर चहा घेऊन यायचो तेव्हापासूनच... रोज सकाळी देवाला म्हणायचो, आज ऊन नको."

"म्हणजे माझं काम तीन दिवस तू अडवलंस?"

"तेवढं माफ कर."

"बघू," मी म्हटलं, आणि त्याची तपकिरी बोटं माझ्या हातात घेतली. खरखरीत होती, गरम होती.

आतून बाबांचा आवाज आला. "बोलून झालं असेल तर दोघंही आत या. चहा ठेवलाय."

मी हात न सोडता आत गेले. बाबांनी आधी हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली नाही.

"नीट बघितलंयस ना?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

"मग झालं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी त्याच्यापुढे खुर्ची सरकवली.